उजेड दिसता कामा नये

सातपूरच्या आयटीआयचं गेट आता निळं आहे.
आमच्या वेळी दोन वर्षं नुसतं रेड ऑक्साइडचं होतं,
वरचा रंग मंजूर होता म्हणे, येत होता.

फिटर ट्रेड, चौऱ्याऐंशीची बॅच, एकवीस जण.
वही माझ्याकडे असते. अक्षर बरं म्हणून
निरगुडेनं ती माझ्या गळ्यात मारली
आणि सगळ्यात आधी स्वतःच गेला,
अंबडला, सेकंड शिफ्ट सुटता सुटता.
त्याच्या नावापुढं अजून पाच आकडी फोन आहे,
तोही शेजारचा : पी.पी. धामणे किराणा.
मी खोडत नाही.

डिसेंबरातला दुसरा रविवार, त्र्यंबक रोड,
पत्र्याच्या शेडमधली मिसळ.
गुडघे, शुगर, ईपीएसचे तेवीसशे रुपये,
कुणाची कंपनी बंद पडली, कुणाचा मुलगा पुण्याला.
मग पापड मोडता मोडता कुणीतरी म्हणतंच,
हजेरी घे रे.

बोरस्ते सर नावं घेत नसत, फक्त नंबर.
मीही तसाच घेतो.
निरगुडे गेला त्या वर्षी ‘चार’ म्हणालो
आणि चमचे थांबले.
तेव्हा रौफ तांबोळी खाली बघत म्हणाला,
‘येतोय सर. सायकल पंक्चर आहे.’
निरगुडेचं रोजचं कारण. त्याच्याच आवाजात.
आम्ही हसलो, आणि हसणं कुठं थांबवायचं ते कळेना.

तेव्हापासून रिवाज पडला.
सात नंबर, डावखर, मखमलाबादचा :
‘गंगेला पाणी आहे सर, दुतोंड्याच्या कमरेला लागलंय.’
(उन्हाळ्यातसुद्धा हेच सांगायचा.)
सोळा, यादव अहिरराव :
‘घरी कांदे काढायला ठेवून घेतलंय.’
एकोणीसला तीन आज्या होत्या,
तिघींना त्यानं एका टर्ममध्ये पोचवलं होतं.
सगळ्यांची कारणं रौफला पाठ.
मेलेल्यांची हजेरी तो लावायचा, आम्ही जिवंतांची.

यंदा अकरा नंबर म्हणजे रौफच.

कारण काय सांगायचं?
तो कधी चुकलाच नव्हता.
भद्रकालीतून चालत यायचा, तापात आला,
बहिणीच्या निकाहच्या दुसऱ्या दिवशी
मेंदीच्या बोटांनी हॅक्सॉ धरून उभा होता.
मी ‘अकरा’ म्हणालो आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा
कुणालाच काही सुचलं नाही.

त्याचा मुलगा आला होता, इम्तियाज.
त्यानं बनियनच्या चिंधीतून काहीतरी काढलं,
तेलकट, चकचकीत. ‘अब्बा दर दिवाळीत पुसायचे.’
आमचा फायनलचा जॉब. मेल-फिमेल.
मेल रौफनं घासला होता, फिमेल मी.
कडेला पंच : ११.

माझा तुकडा माळ्यावर गंजत होता, खिळ्यांच्या डब्यात.
रौफ गेल्याचं कळलं त्या रात्री शोधून काढला,
एमरी घेऊन बसलो आणि घासत राहिलो,
बायको दोनदा उठून बघून गेली.

टेबलावर दोन्ही बसवले. बसले.
सर बसवलेला जॉब खिडकीकडे धरायचे :
‘उजेड दिसता कामा नये. दिसला तर परत घास.’
मी ट्यूबलाइटकडे धरला.

दिसला. सुतानं नाही, केसानं.
रौफची कड होती तशीच होती,
फट माझ्या बाजूची. त्या रात्री
जरा जास्तच घासलं गेलं होतं.

कमी पडलेलं घासून जुळवता येतं.
गेलेलं लोखंड परत कुठून लावणार.

मुलगा विचारत होता, हे तुमच्याकडे ठेवू का.
नको म्हणालो. तू ठेव. पुसत जा.
तर्री थंड होऊन तेल वर आलं होतं.
वहीत अकराच्या पुढं जागा कोरीच ठेवली,
आणि ‘बारा’ म्हणालो,
आणि ‘यस सर’ही मलाच म्हणावं लागलं.